निगुऱ्यांची विद्या

‘निगुरा’ हा आपल्याकडचा शिवीवजा शब्द. ज्याला गुरू नाही तो निगुरा, आणि त्याची विद्या कच्ची, हा त्यातला न बोललेला अर्थ. गाण्या-वाजवण्याच्या मंडळींत ओळख होताना पहिला प्रश्न असतो, ‘कुणाकडे शिकलात?’ ‘माझा मीच शिकलो’ असे उत्तर आले की बैठकीत क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी विषय बदलतो.

हा लेख अशा निगुऱ्यांविषयी आहे. निमित्त एका व्हिडिओ गेमचे आहे. जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ मध्ये ‘गिटारफ्रीक्स’ नावाचा खेळ आणला. त्यातल्या गिटारला तीन बटणे होती. २००५ मध्ये अमेरिकेत ‘गिटार हीरो’ आला. त्याला पाच रंगीत बटणे होती. दोन्हींत तारा नव्हत्या. स्क्रीनवरून रंगीत खुणा सरकत येत आणि त्या ठरलेल्या रेषेवर पोचल्या की नेमके बटण दाबायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीचा ‘रॉकस्मिथ’ आला आणि त्याने खेळणे बाजूला सारून खरी गिटार मागितली. गिटारमधून निघालेली केबल यंत्राला जोडायची. स्क्रीनवर एक रस्ता दिसतो, त्यावरून रंगीत खुणा आपल्याकडे येतात. रंग सांगतो कोणती तार, आकडा सांगतो कोणता फ्रेट, आणि खूण जवळ येण्याचा वेग सांगतो केव्हा छेडायचे. यंत्र ऐकते आणि लागले की चुकले ते तत्क्षणी दाखवते. साठ दिवसांत गिटार शिका, असे आव्हानच कंपनीने जाहिरातीतून दिले होते.

यावर नेहमीचा प्रश्न असा, की यंत्र गुरूची जागा घेईल का. इतिहासाच्या अभ्यासकाला तो प्रश्न जरा बाजूला ठेवून दुसरा विचारावासा वाटतो. गुरूचे दार ज्यांना बंद होते, ते आजवर कशाकडून शिकले? आणि त्या वस्तूने त्यांना काय दिले, काय दिले नाही? या प्रश्नाची उत्तरे महाराष्ट्रात जागोजागी सापडतात. पहिले तर माझ्या जुन्नर तालुक्यातच आहे.

ओतूर आणि एकलव्य

जुन्नरहून आळेफाट्याकडे निघालेल्या रस्त्याच्या उत्तरेला मांडवी नदीकाठी ओतूर आहे. तिथल्या कपर्दिकेश्वराच्या परिसरात चैतन्य महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य ते हेच, असे परंपरा मानते. या गुरूची आणि तुकोबांची भेट झाली ती स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असा दिवसही तुकोबांनी सांगून ठेवला आहे. पुढे बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला, तोही स्वप्नातच. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र संताला गुरू करण्याचा उघड रस्ता त्या काळी नव्हता; स्वप्नाला मात्र उंबरठा आडवा येत नाही. गुरू समोर नसला तरी विद्या मिळू शकते, याला आपल्या परंपरेने तिच्या सर्वांत मोठ्या कवीच्या बाबतीत मान्यता दिलेली आहे, एवढेच इथे नोंदवायचे.

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या ओठावरचे, एकलव्याचे. त्याच्या भक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले, शिकण्याच्या रीतीविषयी कमी. मातीची मूर्ती बोलत नव्हती, चूक दाखवत नव्हती. मग चूक दाखवत होते कोण? लक्ष्य. बाण लागला की नाही हे धनुर्धराला डोळ्यांनी दिसते. धनुर्विद्येत परीक्षक समोरच्या झाडावर बसलेला असतो, म्हणून ती एकट्याला शिकता येते. मोडी लिपी मी छापील बाराखडीवरून शिकलो, तेव्हा हाच अनुभव होता. दस्तऐवजातला शब्द पुढच्या ओळीच्या अर्थाशी जुळला की पाऊल बरोबर पडले हे कळे.

गाण्या-वाजवण्याचे तसे नाही. चुकलेला सूर दिसत नाही. तो ऐकू यावा यासाठी आधी कान तयार हवा, आणि कान तयार करायला तयार कानाचा माणूस हवा. संगीतात गुरूची गरज इथून सुरू होते. आणि गुरूची सत्ताही.

दार आणि उंबरठा

एकोणिसाव्या शतकात ते दार किती जड होते याचा दाखला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या आयुष्यात आहे. ख्याल गायकी शिकण्यासाठी त्यांना घरदार सोडून उत्तरेत वणवण करावी लागली, गुरूच्या घरची सेवा करावी लागली. विद्या तासावर मिळत नव्हती. आयुष्य गहाण टाकून मिळत होती. ज्याच्या मागे संसार होता, जी बाई होती, जो ‘खालच्या’ जातीतला होता, त्याने त्या वाटेला जायचेच नाही, असा हिशेब होता.

याच काळात आमच्याकडे नारायणगावला दुसरी एक शाळा होती: तमाशाचा फड. तिथे ‘धडा’ नावाची गोष्ट नसे. पोर मागे बसे, झील धरे, तुणतुणे लावायला शिके, हलगीवर हात बसवे, आणि एके दिवशी कुणी आजारी पडले की पुढे उभे राही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई याच शाळेतून आल्या. संगीत नाटक अकादमीच्या सन्मानापर्यंत पोचल्या, आणि २००२ मध्ये गेल्या तेव्हा ‘तमाशासम्राज्ञी’ म्हणून गेल्या. या शाळेत शिकणारा निगुरा नव्हता. त्याच्याभोवती सगळेच गुरू होते. पण हिलाही उंबरठा होता, उलट बाजूने. ती बहुधा त्या जातींत, त्या घरांत जन्मलेल्यांची शाळा होती. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तो ओलांडून पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्याला स्वतःची जात मागे टाकावी लागली.

एक दार सेवेने बंद, दुसरे जन्माने. या दोन दारांच्या मधल्या ओसरीवर जे उरले, त्यांच्यासाठी पुढच्या काळात वस्तू आल्या: पुस्तक, पेटी, तबकडी.

छापील गुरू

पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला आणि गाणे ही प्रतिष्ठित माणसांनी शिकण्याची गोष्ट आहे असे जाहीरपणे बोलले जाऊ लागले. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि स्वरलिपीत छापलेली पुस्तके. गुरूच्या घरी पाणी भरण्याचे कारण उरले नाही. त्याच सुमारास मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे घराण्यांच्या कडीकुलुपात असलेल्या चिजा गोळा करून स्वरलिपीत बांधत होते. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून त्या कुणालाही विकत मिळू लागल्या. उस्तादांना हे चोरीसारखे वाटले, विद्यार्थ्यांना खजिन्यासारखे. ‘पुस्तकी गाणे’ ही टीका तेव्हापासून सुरू आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. स्वरलिपी कोणता सूर, किती मात्रा, हे सांगते. तो सूर कसा लावायचा, हे ती सांगू शकत नाही.

गिटारच्या कुळात असे पुस्तक याच्या फार आधी निघाले होते. १५३६ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात लुईस मिलान या वादकाने विहुएला या गिटारच्या जुन्या भावंडासाठी पुस्तक छापले. त्यात रेषा म्हणजे तारा आणि रेषेवरचे आकडे म्हणजे बोट ठेवायची जागा, अशी लिपी होती. सूर कोणता हे वाचकाला माहीत असण्याची गरज नाही. बोट कुठे हे कळले की पुरे. सोप्याकडून अवघडाकडे अशी रचना होती. कधीच न वाजवलेल्या माणसाला शिक्षक जसे शिकवील, तसे शिकवण्याचा दावा होता. पुस्तकाचे नावच ‘एल मायेस्त्रो’, म्हणजे ‘गुरुजी’. मिलानने ते पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला अर्पण केले. गोवा तेव्हा त्याच्याच सत्तेखाली होता.

रॉकस्मिथच्या स्क्रीनवरचा रस्ता म्हणजे मिलानची ही लिपीच आहे; फक्त ती आता स्थिर नाही, चालते. पावणेपाचशे वर्षांत भर पडली ती दोन गोष्टींची. कागद केव्हा वाजवायचे ते नीट सांगू शकत नव्हता, आणि वाजवलेले ऐकू शकत नव्हता.

गोव्यात मात्र पोर्तुगिजांच्या काळात वाचून वाजवण्याची वेगळी परंपरा रुजली. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला विसाव्या शतकात वाद्यवृंदाची गरज पडली तेव्हा समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवणारे गोंयकार वादक तिथे तयार होते. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ‘वाचून वाजवतो तो खरा वादक नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी कित्येक दशके याच वादकांची गाणी गुणगुणली आहेत.

अर्धा गुरू पोटात असलेली वाद्ये

जुन्नर-आंबेगावच्या गावांत रात्री भजनाला बसलेली मंडळी ऐकावी. मंचर असो, घोडेगाव असो, आधी प्रश्न येतो, ‘पट्टी कोणती?’ उत्तर येते, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’. हे सुराचे नाव नाही. पेटीवरच्या जागेचे नाव आहे, मिलानच्या आकड्यासारखेच. आपल्या बोलीत सुराचे नाव जाऊन जागेचे नाव कधी बसले हे कुणाच्या ध्यानातही आले नाही, इतके ते अंगवळणी पडले.

पेटी मुळात युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर बसून एका हाताने भाता मारत वाजवता येईल अशी केली. सारंगीवर सूर शोधावा लागतो. पेटीवर तो कारागिराने आधीच शोधून बसवलेला असतो. गुरूचे निम्मे काम सुताराने केलेले असते. म्हणून गुरू नसलेल्यांच्या हातात ती आधी गेली. गोविंदराव टेंबे हे याचे ठळक उदाहरण. पेटी ते बरेचसे स्वतःच शिकले. पुढे भास्करबुवा बखल्यांच्या सहवासाने त्यांच्या वाजवण्याला गायकीची डूब मिळाली, आणि १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांनीच दिल्या.

लग्नाच्या वरातीतला बेंजो हे याच कुळातले. १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे बसवून ‘ताइशोगोतो’ तयार केले. ते पुढे इकडे आले आणि बुलबुल तरंग झाले. आपण त्याला बेंजो म्हणू लागलो. तारेवर बोट कुठे दाबायचे ही अडचण बटणाने सोडवली. बेंजो पार्टीतल्या अनेक पोरांना सरगम येत नसे. गाणे ऐकायचे आणि बटणावर शोधायचे, एवढ्यावर वराती गाजल्या.

याची किंमतही होती. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत, हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहून मांडले. जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्याबरोबर त्यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली. गंमत अशी की नभोवाणीने दार लावले त्या तीस वर्षांत खेड्यातल्या भजनी मंडळाने पेटी एक दिवसही खाली ठेवली नाही. दोन सुरांच्या मधली जागा गेली हे खरे. पण ज्यांना एकही सूर मिळत नव्हता त्यांना बारा मिळाले, हेही खरे. गिटारचे फ्रेट हा असाच सौदा आहे. गिटारचा खेळ होऊ शकला आणि सारंगीचा झाला नाही, याचे कारण इथे आहे. फ्रेटवर सूर लागला की नाही हे यंत्र झटकन ठरवू शकते. एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारी मींड गोड होती की नुसती बरोबर होती, हे त्याला ठरवता येत नाही.

तबकडीचा शिष्य

१९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गाइसबर्गने गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि गाणे वस्तू झाले. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू. पाहिजे तितक्या वेळा ऐका, ती कंटाळत नाही, सेवा मागत नाही, जात विचारत नाही. गदगचा लहानगा भीमसेन दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने वेडावला आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाला. तबकडीने त्याला विद्या दिली नाही, भूक दिली.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळीमठची गोष्ट आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे ताना-लकबींसह जसेच्या तसे म्हणत असे. त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली, जलसे झाले, आणि १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत त्याने जाणकारांना थक्क केले. त्यानंतर तो गिरगावात प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत दाखल झाला आणि दहा-अकरा वर्षे तिथे शिकला. देवधर विष्णू दिगंबरांचे शिष्य.

एवढे सगळे येत असताना शिकायचे काय उरले होते? तबकडीने कोणता सूर, केव्हा, कोणत्या वजनाने, हे सगळे दिले होते. दुसरा सूर का नको, हे दिले नव्हते. तबकडीतला गवई एक निवड करून मोकळा झालेला असतो. त्याने टाकून दिलेल्या वाटा तबकडीवर उमटत नाहीत. गुरू त्या टाकलेल्या वाटा दाखवतो. पण दुसरी बाजूही विसरता येत नाही. देवधरांकडे तो मुलगा मोकळ्या हाताने आला नव्हता. तबकड्यांनी त्याचा कान आधीच घडवला होता, आणि तोही एका घराण्याचा नव्हे, अनेकांचा. पुढे कुमारांनी कोणत्याही एका घराण्याचे कुंपण मानले नाही, त्याचे एक बीज या निगुऱ्या वर्षांत असावे असे मला वाटते.

खेळ काय शिकवतो

आता पुन्हा खेळाकडे. त्याने नेमके काय केले, हे एकलव्याच्या उदाहरणाने सांगता येते. त्याने सुराला नेम करून टाकले. न दिसणारी चूक दिसू लागली. परीक्षक झाडावर येऊन बसला. गाणे सुरू होण्याआधी रॉकस्मिथ तारा जुळवायला लावतो, बेसूर वाद्यावर पुढे जाऊच देत नाही. आधी थोडेच सूर मागतो, ते साधले की आणखी घालतो. चुकू लागलात तर कमी करतो. अवघड जागा संथ करून पुन्हापुन्हा घोटून घेतो. फडातल्या पोराला झील धरायला लावून हळूहळू पुढे सरकवणाऱ्या म्हाताऱ्याची ही रीत आहे. ज्याच्या गावात गिटार शिकवणारा कुणी नाही, ज्याला वयाच्या पन्नाशीत लहान मुलांच्या क्लासात बसायला संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे असे महागडे खेळ आणि यंत्रे थोड्यांनाच मिळाली. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याच जातीची वस्तू खेड्यात दुसऱ्या रूपाने आली. स्क्रीनवरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून कीबोर्ड वाजवायचा, बोटांच्या जागा दाखवणाऱ्या व्हिडिओवरून गिटार शिकायची. नारायणगावात चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी फडांच्या राहुट्या लागतात, तेव्हा ढोलकीच्या शेजारी आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतात.

दोन धोके मात्र नोंदवले पाहिजेत. एक कानाचा. तारा जुळल्या हे स्क्रीनवरची खूण सांगते, तेव्हा डोळा शिकतो, कान आळशी राहतो. तुणतुण्याची खुंटी पिळणारा सुरत्या गाणाऱ्याच्या गळ्याकडे कान लावून बसतो, कारण त्याच्यापुढे दुसरा काटाच नसतो. दुसरा धोका मालकीचा. फेब्रुवारी २०११ मध्ये धंदा बसला म्हणून ‘गिटार हीरो’चा विभाग त्याच्या कंपनीने बंद केला. २०१३ मध्ये आलेली ‘रॉकस्मिथ’ची सुधारित आवृत्ती दहा वर्षांनी ऑनलाइन विक्रीतून काढण्यात आली, पुढची आवृत्ती वर्गणीवर चालते. वर्गणी थांबली की गुरू मौन. भातखंड्यांचे पुस्तक एकदा विकत घेतले की नातवाच्या हातात जाते; हा गुरू भाड्याचा आहे. जुन्या दारावर सेवेचे आणि जातीचे कुलूप होते, नव्यावर करारपत्राचे आहे. कुलूप बदलले म्हणून दार उघडे झाले असे समजू नये.

तरीही या खेळातली एक सोय मला फार बोलकी वाटते. एखादे गाणे तुम्हांला चांगले येऊ लागले की तो स्क्रीनवरच्या खुणा पुसट करत नेतो. शेवटी रस्ता रिकामा होतो, खुणा नाहीत, आकडे नाहीत, आणि गाणे आठवणीतून वाजवावे लागते. चांगला गुरू हेच करतो. आधी हात धरतो, मग नुसता बघतो, मग मान फिरवतो. शिकवणारी वस्तू चांगली की वाईट हे ठरवायला याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही: ती बाजूला ठेवल्यावर तुमच्यापाशी काही उरते का?

एकलव्यापाशी उरले होते. त्याचा गुरू विद्या देताना हजर नव्हता, दक्षिणा घेताना मात्र हजर झाला. म्हणून पुढच्या वेळी बैठकीत कुणी ‘माझा मीच शिकलो’ म्हणाला, तर विषय बदलण्याआधी त्याला एवढे विचारावे, ‘कशावरून शिकलात?’ त्या उत्तरात एखादे फाटके पुस्तक असेल, पट्टी निसटलेली पेटी असेल, घासून गेलेली तबकडी असेल, नाहीतर रंगीत खुणांचा एखादा रस्ता असेल. महाराष्ट्राच्या संगीताचा तो इतिहास घराण्यांच्या वंशावळीत मिळणार नाही, आणि वस्तू मोडीत जाण्याआधी तो लिहून ठेवला पाहिजे.